अर्ध्या मिनिटात मावलेली भाची

११ फेब्रुवारी

तोफेस,

आत्या, आधी शेवटपर्यंत वाच आणि मग ओरड. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, वेळेवर जेवते आहे. फोन लागत नाही म्हणून तू आतापर्यंत देव पाण्यात घालून बसली असशील, त्यांना बाहेर काढ. फोन मीच बंद करून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलाय. चालू केला की वाजतो, आणि वाजवणारी माणसं माझ्या ओळखीची नसतात. परवा एका बाईने विचारलं, "आज किती पोरं कोंडलीस?" आवाज अगदी साधा होता गं, दुकानात भाव विचारावा तसा. म्हणून हे पत्र.

झालं असं. तुला तो व्हिडिओ आठवत असेल, तूच मागितला होतास. "सुट्टीला येत नाहीस, निदान दिवसभर काय दिवे लावतेस ते तरी दाखव," म्हणालीस. म्हणून लसीकरणाच्या दिवशी मी मदतनीस बाईंच्या हातात माझा फोन दिला आणि त्यांनी तो काढला. त्यात तो चार वर्षांचा वळवळ्या आहे. मी दाराला कडी घालते, कमरेवर हात ठेवते आणि म्हणते, "नवा कायदा आलाय, कळलं का? या खोलीत आला तो टोचून घेतल्याशिवाय सुटत नाही. आता ओरड! किती ओरडतोस ते बघतेच. कोणी येणार नाही सोडवायला!" आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडतो. ओरडण्याच्या नादात सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, त्याला पत्ताच नाही. मग मी विचारते, "झालं की! उगाच कोण बोंबलत होतं?" तो खुदकन हसतो आणि दुसरा हात पुढे करतो. त्याची आई हसते, अख्खी खोली हसते. कडी का, तर दाराबाहेर उतार आहे आणि खाली अँब्युलन्स मागे घेत असतात. मागे एक कार्टं सुटून थेट चाकापाशी गेलं होतं. आणि दम द्यायची युक्ती कोणाची, तर तुझीच. लाडीगोडी लावली की पोरं घाबरतात आणि दम दिला की त्यांना खेळ वाटतो, असं तूच सांगायचीस.

त्या व्हिडिओचा पहिला तुकडा गावभर फिरतोय. कडी, कायदा आणि किंकाळी, तिथेच तो संपतो. खाली लिहितात की नव्या कायद्याने मुलांना कोंडून टोचतात आणि विरोध केला तर आईबापांना आत टाकतात. लसीकरणाच्या दिवशी आमचा बाक रिकामा राहतो. माझी चौकशी लागली आहे, मला खोलीतून काढून औषधांच्या भांडारात बसवलंय.

पहिल्याच दिवशी घाबरून मी फोनमधलं सगळं पुसून टाकलं. अक्कल गहाण पडली होती. आता अख्खा व्हिडिओ फक्त तुझ्याकडे आहे. चौकशी अधिकाऱ्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय, त्यांना तो पाठव. तुझी शेजारीण करून देईल. बाहेर कसा गेला ते कळत नाही. फोन हातात होता तेव्हा मदतनीस बाईंनी स्वतःकडे पाठवून घेतला असेल का? मला तसं वाटत नाही.

तुझी,
ढमी

२० फेब्रुवारी

ढमे,

अक्षर आहे की कोंबडीचे पाय? डॉक्टरांच्या हाताखाली राहून तुला त्यांचं एवढंच घेता आलं. वसतिगृहात असतीस तर हे पत्र मी परत लिहायला लावलं असतं. तीस वर्षं रेक्टरकी केली, पण घरच्या पोरीला वळण लावता आलं नाही.

जेवतेस म्हणालीस ते खोटं आहे. माणूस नीट जेवत असला की ते पत्रात लिहीत नाही.

मी ठीक आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी त्याच्या मागून. तिसऱ्या मजल्यावर घर घेताना तुझे बाबा नको म्हणाले होते, आता ते ऐकवायला राहिले नाहीत हे एक बरं झालं. खालची शेजारीण रोज सकाळी दूध वर आणून देते. तिचा मुलगा परगावी असतो, घरात सून आणि सात महिन्यांची नात. संध्याकाळी तीच हात धरून मला खाली बाकावर नेते. मला सोडून अकरा जणी असतात. फोनवर आमचा ग्रुपही आहे, त्याचं नाव "बाकावरच्या". सकाळी डोळे उघडले की अकरा जणींचे सुप्रभात. तुला हसू येईल, पण मला तेवढ्यासाठी उठावंसं वाटतं.

त्यांच्यातही सध्या हाच विषय आहे. एक जण सांगत होती की लस न घेतलेल्यांच्या दारावर खूण करणार आहेत. मी विचारलं, कोणत्या रंगाची? तर म्हणते, ते अजून ठरायचंय. तो कायदा खरा काय आहे ते एकदा नीट लिही बघू. म्हणजे कोणी विचारलं तर.

तो तुकडा मी पाहिला. ग्रुपवर आला होता. काय काय लिहिलं होतं त्याखाली ते तुला सांगत नाही. मी काही बोलले नाही, त्या दिवशी गुडघा फार दुखत होता.

अख्ख्या व्हिडिओचं बघते. फोनमध्ये हजार फोटो आहेत, त्यात कुठे दडून बसलाय सापडत नाही. तोवर तुझ्या त्या मदतनीस बाईला एकदा खडसावून विचार. तू भोळी आहेस. फोन तिच्याच हातात होता ना?

जेव.

आत्या

३ मार्च

तोफेस,

कायदा सांगते. मुलाचं शाळेत नाव घालताना लशीचं कार्ड दाखवायचं. नसेल तर शाळेने आमच्या केंद्राला कळवायचं, मग आम्ही जाऊन आईबापांशी बोलायचं. तरीही नको असेल तर त्यांनी तसं लिहून द्यायचं. संपलं. दंड नाही, तुरुंग नाही, दारावर खूण नाही. रंग ठरायचा राहिलाय तो त्यामुळेच.

पण हे मी कोणाला सांगणार? भांडारात खोकी आहेत आणि मी आहे. खोकी ऐकून घेतात. सकाळी आलेल्या बाटल्यांचं तापमान बघायचं, शीतपेटीचं झाकण नीट बसलंय ना बघायचं, आणि भिंतीपलीकडे लसीकरणाची खोली आहे तिकडे कान लावायचा. पूर्वी तिथून नुसता गोंधळ ऐकू यायचा. आता नवी नर्स अगदी हळू बोलते. एक बाटली दहा मुलांची असते. एकदा उघडली की ठरलेल्या वेळात संपवायची, उरली तर फेकायची. परवा तीन मुलं आली म्हणून तिने उघडली आणि उरलेली फेकावी लागली.

बाहेर मी बोलत नाही. चेहऱ्याने मला कोणी ओळखत नाही, मास्क होता ना तोंडावर. पण भाजीवाल्याशी भाव करायला तोंड उघडलं आणि शेजारच्या बाईने पिशवी उचलून मूल कडेवर घेतलं. माझा आवाज, दुसरं काय! तुझ्याकडूनच आलेला. आता मी बोटाने दाखवते आणि मिळेल ते घेते. काल दोन कोबी घरी आले.

तू म्हणालीस म्हणून चौकशीत लिहून दिलं की फोन मदतनीस बाईंच्या हातात होता. त्या कंत्राटी आहेत. दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. जाताना त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी खोकी मोजत होते. आत्या, आपलं बरोबर आहे ना? मला फार खात्री वाटत नाही.

व्हिडिओ पाठवलास का? साहेब म्हणाले की बाकीचा भाग दिसल्याशिवाय ते काही करू शकत नाहीत. लवकर पाठव. माझी नोकरी त्यावर आहे, आणि नोकरीपेक्षाही जास्त काहीतरी आहे, ते मला नीट लिहिता येत नाही.

ढमी

१२ मार्च

ढमे,

फोन बिघडलाय. दुरुस्तीला दिला की बघते. उतावीळपणा करू नकोस.

दोन कोबी आले तर एक शिजव आणि एक शेजाऱ्यांना दे. त्या निमित्ताने बोलणं होईल.

परवा मला बाकावर बसता येईना, तर शेजारणीने घरातली खुर्ची खाली आणली. हाताची खुर्ची, मागे उशी लावून. बाकीच्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या मला जागा करून द्यायला. रिटायर झाल्यापासून माझ्यासाठी कोणी उठून उभं राहिलं नव्हतं. पूर्वी शंभर मुली उभ्या राहायच्या, त्या भीतीने. या नुसत्याच उभ्या राहिल्या. मला भरून आलं आणि मी त्यांना उगाच डाफरले.

बोलणं पुन्हा त्याच विषयावर गेलं. एक म्हणाली, "त्या नर्सच्या घरी कोणी मोठं माणूस नसेल का हो, कान धरायला?" मी चहाचा कप तोंडाला लावला. रिकामा होता, तरी लावला.

तू जरा दम धर. लोक विसरतात.

आत्या

२६ मार्च

तीर्थरूप आत्या यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. गुडघ्याची काळजी घ्यावी.

काल चौकशीला बोलावलं होतं. साहेबांनी तो तुकडा मोठ्या पडद्यावर लावला. मी तो आजवर एकदाही पाहिला नव्हता, धीरच होत नव्हता. सगळ्यात पहिल्यांदा कोणी टाकला ते अजून सापडलेलं नाही, पण सुरुवातीच्या दिवसांतली एक प्रत त्यांना मिळाली आहे. तिच्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "आमची वाघीण बघा." साहेबांना वाटलं ही कोणीतरी केलेली टिंगल आहे. बरोबर अर्ध्या मिनिटाला चित्र थांबलं. तिथे बसलेला तरुण कारकून म्हणाला, स्टेटसला टाकला असणार, तिथे मोठ्या व्हिडिओचे आपोआप अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे होतात.

मला जगात एकच माणूस वाघीण म्हणतं.

साहेबांनी विचारलं, हे शब्द कोणाचे असतील? मी सांगितलं, माहीत नाही. व्हिडिओ माझ्या फोनवरून मीच बाहेर पाठवला होता, मदतनीस बाईंचा काही संबंध नाही, असं लेखी दिलं. संध्याकाळी बाईंच्या घरी गेले. आत दिवा चालू होता, भांड्यांचा आवाज येत होता. दार उघडलं नाही.

आता व्हिडिओ पाठवण्याची तसदी घेऊ नये. मुदत महिनाअखेरीपर्यंत होती, ती वाढवून दहा एप्रिल केली आहे असं समजलं. कळावे, लोभ असावा.

आपली

५ एप्रिल

ढमे,

तीर्थरूप? शिरसाष्टांग? मी मेले का? आपल्या घरात कोणी कोणाला "आपण" म्हटलं की समजावं, संबंध तुटले. तुझ्या बाबांनी त्यांच्या भावाला एकदा "आपण बसावं" म्हटलं होतं, त्यानंतर ते दोघे मरेपर्यंत बोलले नाहीत. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी दोन घास जेवले असते. ते पत्र हातात घेऊन मी दिवसभर खाटेवर बसून होते.

हो, मीच. स्टेटसला टाकला. तुला काय वाटलं, भाचीचा असा व्हिडिओ येईल आणि मी तो डब्यात ठेवीन? मला मिरवायचं होतं. बाकावरच्या बाकीच्या बायकांची मुलं, सुना, जावई रोज स्टेटसला असतात. माझ्याकडे दाखवायला काय, तर गुडघ्याचा एक्स-रे. पिवळी अक्षरं कशी घालायची ते शेजारणीच्या सुनेने शिकवलं. तुकडे झाले ते मला दिसलंही नाही. माझ्यासाठी ते एकामागून एक लागत होते, ओरडणं आणि हसणं एकच होतं. शेजारणीने पहिला तुकडा तिच्या बहिणीला पाठवला, "बघ कशी दरडावते" म्हणून. ती वाघीण माझी कोण, हे तिने विचारलं नाही आणि मी फुशारकीत सांगायची विसरले. दुसऱ्या तुकड्यापर्यंत कोण थांबतं? तो तिच्या बहिणीकडून कुठे कुठे गेला आणि महिन्याने आमच्याच ग्रुपवर परत आला. तोवर तू कसाई झाली होतीस. शेजारणीनेही तो ओळखला नाही. किंवा ओळखला असेल आणि माझ्यासारखीच गप्प बसली असेल.

फोन बिघडला नव्हता. व्हिडिओ हरवला नव्हता. रोज बघत होते. आणि त्या बिचाऱ्या मदतनीस बाईवर मी ढकललं, ते मला फार लागतंय. मला वाटायचं, ही माझी भाची आहे असं सांगितलं की त्या अकराजणी उठून जातील. मग सकाळी कशासाठी उठायचं? एवढ्यासाठी मी तुला एकटं पडू दिलं. याला माफी मागतात का, मला ठाऊक नाही. मी तीस वर्षं लोकांना माफी मागायला लावली, स्वतः कधी मागितली नाही, त्यामुळे जमत नाहीये.

काय केलं ते ऐक. अख्खा व्हिडिओ आणि माझा सहीचा जबाब तुझ्या साहेबांना रजिस्टर पोस्टाने आणि फोनवर, दोन्हीकडून पाठवला. मदतनीस बाईचं नाव त्यात दोनदा लिहिलं. मग अख्खा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि बोलून सांगितलं, "ही माझी सख्खी भाची. स्टेटसला मी टाकलं होतं. शेवटपर्यंत बघा आणि मग बोला." सगळ्यांनी पाहिल्याच्या खुणा आल्या. मग एक म्हणाली, हसण्याचा भाग मागाहून जोडलाय. दुसरी म्हणाली, हल्ली काहीही बनवता येतं. तिसरीने लिहिलं, ग्रुपवर कृपया दिशाभूल करणारे व्हिडिओ टाकू नयेत. मी टाकलेला एकमेव खरा व्हिडिओ! मी हसले गं, खरंच मोठ्याने हसले. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं.

सकाळी दूध आलं नाही. मी आता पावडरचं दूध वापरते, त्याची सवय होईल.

मला आपण म्हणू नकोस.

तोफ

१८ मे

आत्या,

तोफ लिहायला हात उचलला होता, पण अजून होत नाही. तीर्थरूपही लिहवत नाही. तेव्हा मधलं काहीतरी.

चौकशी संपली. तुझा जबाब आणि व्हिडिओ पाहून मला निर्दोष ठरवलं, ताकीद दिली, खोलीत परत पाठवलं. मदतनीस बाईही परत आल्या. मी त्यांचे पाय धरायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे ताई, कामाला उशीर होतोय." आता त्या बाकाच्या त्या टोकाला बसतात आणि मी या टोकाला. मध्ये माणसं असायची तेव्हा ते टोक लांब वाटायचं नाही.

खरा व्हिडिओ केंद्राने त्यांच्या पानावर टाकला. तो तुकडा जितक्या लोकांनी पाहिला त्यातल्या मूठभरांनीही हा पाहिला नाही. खाली एकाने लिहिलंय, "किती पैसे मिळाले हसायचे?"

आयांना दार उघडं हवं असतं, म्हणून मी उघडं ठेवते. मूल पळालं तर पकडायला मदतनीस बाई उतारावर उभ्या राहतात, उन्हात. एखादी आई आलीच तर तिचं लक्ष मुलाकडे नसतं, माझ्या तोंडाकडे असतं. म्हणून मी बोलत नाही. टोचते, कापूस दाबते, पुढची तारीख सांगते. मुलं पूर्वीपेक्षा जास्त रडतात. गप्प बाई सुई घेऊन आली तर मोठं माणूससुद्धा घाबरेल. मला हे सगळं कळतं, पण तोंड उघडत नाही. घरी आल्यावरही उघडत नाही. परवा माझ्या लक्षात आलं की शनिवारपासून मी घरात मोठ्याने एक शब्द बोललेले नाही.

तुझ्यावर राग आहे. तो राहणार आहे थोडे दिवस. पण तू पावडरचं दूध पितेस हे मला सहन होत नाही. बाकावर जातेस की नाही?

ढमी

९ जुलै

ढमे,

जाते. स्वतःच्या गुडघ्यावर, कठड्याला धरून. मी जाऊन बसले की त्या एकेक करून उठतात. कोणाचं गॅसवर काहीतरी असतं, कोणाला फोन येतो. आता बाकावर ऐसपैस बसायला मिळतं. मी काळोख पडेपर्यंत बसते, नाहीतर त्यांना वाटेल मी हरले. खरं सांगायचं तर काही संध्याकाळी हरल्यासारखंच वाटतं.

पण एक गोष्ट झाली आहे, ती तुलाच सांगता येते.

शेजारीण तिच्या बहिणीकडे राहायला गेली होती. दुपारी दार वाजलं तर तिची सून, कडेवर मुलगी. आत येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "आत्याबाई, तुमची भाची खरंच कडी लावते का?" मी म्हटलं, "लावते. खाली अँब्युलन्स मागे घेतात, पोर चाकाखाली जाऊ नये म्हणून." ती म्हणाली, "मी तो अख्खा व्हिडिओ पाहिला. सासूबाई झोपल्यावर. तो मुलगा शेवटी दुसरा हात पुढे करतो, ते परत परत पाहिलं." मुलीला गोवराची लस द्यायची राहून गेली होती. घरात विषयही काढायची सोय नव्हती. नवऱ्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, आईला दुखवू नकोस. "मला एकटीला भीती वाटते. तुम्ही याल?"

गाडी करून आमच्या इथल्या केंद्रात गेलो. तिला सुई बघवेना, म्हणून मुलगी माझ्या मांडीवर. तिथली नर्स तुझ्यासारखीच गप्प, चेहरा दगडासारखा. कशाच्या भीतीने ते मला कळलं, माझ्याच त्या तुकड्याच्या. मुलीने ओठ काढले तसा मीच आवाज लावला. "ओरड गं भवाने, ओरड! बघू कोण येतंय सोडवायला!" अख्खी खोली वळून बघायला लागली. पोरीने असा सूर लावला की सुई गेलेली तिला कळलीच नाही. समोरच्या एका बाईने फोन वर केला होता. मी तिला म्हटलं, "काढ, काढ. पण शेवटपर्यंत काढ." तिने फोन खाली घेतला. नर्स पहिल्यांदाच हसली, जरासं. म्हणून सांगते ढमे, तोंड उघड. तू गप्प बसलीस तर त्यांचा तुकडाच खरा ठरतो.

संध्याकाळी मुलीला थोडा ताप आला. सून घाबरली, दोन दिवस ती तिला दुपारभर माझ्याकडे आणून ठेवत होती. ताप उतरला तरी आणत राहिली. आठवडाभर माझ्या घरात कोणीतरी रांगत होतं. माझ्या चष्म्याची एक काडी मोडली तिने. मी तिला खूप रागावले आणि ती खूप हसली.

मग शेजारीण परत आली. आदल्या दिवशी सून मला म्हणाली, "आत्याबाई, जिन्यात भेटलो तर ओळख दाखवू नका. त्यांना कळलं तर मला घरात राहणं कठीण होईल." मी म्हटलं, "मी काय वेडी आहे का?"

काल मी बाकावरून वर येत होते आणि शेजारीण नातीला घेऊन खाली येत होती, मागे सून. मी नेहमीसारखी भिंतीकडे बघत बाजूला झाले. आणि त्या कार्टीने मला पाहिलं. दोन्ही हात पसरले आणि आजीच्या कडेवरून माझ्याकडे अशी झेपावली की शेजारणीला कठडा धरावा लागला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "ही तर कोणाकडेच जात नाही हो. तुमच्याकडे कशी काय?"

सुनेचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी म्हटलं, "लहान मुलांचं काय, कोणाकडेही जातात." आणि पोरीला न घेता पुढची पायरी चढले. मागे तिने भोकाड पसरलं. शेजारीण तिला समजावत होती, "अगं, ती आजी आपली कोणी नाही." मी थांबले नाही. वर आले, दार लावलं आणि तशीच दाराशी खाली बसून रडले. तिचं रडणं जिन्यातून बराच वेळ वर येत होतं. खाली ती रडत होती आणि वर मी, आणि दोघींनाही उचलून घ्यायला कोणी नव्हतं.

तुझी,
आत्या